फ्रीजरमधली मेथी आणि असरनंतरचा एक तास

जानेवारीत वरूडच्या बाजारात मेथीला कोणी विचारत नाही. पालक, मेथी, सांबार, चवळाई यांचे हिरवे ढीग लागलेले असतात आणि संध्याकाळी उरलेल्या जुड्या विकणारी बाई ‘घ्या नं बाप्पा, दोन घ्या’ म्हणत मागितल्यापेक्षा जास्तच पिशवीत टाकते. होळीच्या सुमारास चित्र पालटते. मेथी फुलावर येते, पालक जाड होतो, जुडी बारीक होते आणि भाव वाढतो. विहिरी आणि बोअर खाली जाऊ लागले की या पट्ट्यात उरलेले पाणी आधी संत्र्याच्या झाडाला जाते. नव्या बागेत ओळींच्या मधल्या जागेत घेतलेल्या भाजीपाल्याचा नंबर त्यानंतर.

यंदा रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला, म्हणजे नेमका या दोन चित्रांच्या मध्ये. पहिल्या रोजाला बाजारात हिरवी मेथी होती, ईदच्या आठवड्यात ती मिळेलच असे नाही. ज्यांनी जानेवारीत दहा-वीस जुड्या घेऊन, निवडून, उकळून फ्रीजरमध्ये ठेवल्या, त्यांच्या घरी शेवटच्या रोजापर्यंत मेथी आहे. गोष्ट साधी आहे, पण त्या मेथीने स्वयंपाकघरात काय बदलले ते पाहण्यासारखे आहे.

रमजान ऋतूंना बांधलेला नाही. हिजरी वर्ष चंद्राचे, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. हिंदू पंचांगही चंद्र पाहते, पण अधिक मास घालून ऋतूशी मेळ राखते. यंदाच अधिक ज्येष्ठ आहे. हिजरी कालगणनेत अशी भर घालत नाहीत, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१८ साली तो मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत होता. वऱ्हाडात पारा ४५ अंशांच्या आसपास, रोजा जवळपास १५ तासांचा आणि बाजारात पालेभाजी म्हणावी तर चिवळ आणि थोडाफार सांबार. २०३० मध्ये जानेवारीत एक आणि डिसेंबरच्या शेवटी दुसरा, असे दोन रमजान एकाच इंग्रजी वर्षात सुरू होतील आणि दोन्ही वेळा बाजार हिरवागार असेल. म्हणजे रमजान येतो तेव्हा भाजी असते किंवा नसते. वऱ्हाडातल्या बायकांनी याला फार पूर्वी उत्तर शोधले होते. ते उत्तर म्हणजे ऊन.

पालेभाजी आणि रमजान हे नाते अनेकांना नवे वाटेल. इफ्तार म्हटले की खजूर, फळे, भजी, समोसे आणि बिर्याणी डोळ्यांपुढे येते. वर्तमानपत्रांतले फोटोही तेच दाखवतात. घरातला रोजचा रमजान वेगळा असतो. मगरिबच्या नमाजनंतरच्या जेवणात पालक-गोश्त, मेथी-खिमा, चण्याच्या डाळीतले पालक-गोश्त आलटून पालटून असतात. वऱ्हाड म्हणजे बेरार. १८५३च्या तहाने इंग्रजांनी त्याचा कारभार घेतला, तोवर तो निजामाच्या ताब्यात होता. आंबट अंबाडी गोश्तात शिजवायची हैदराबादी आवड इथल्या मुस्लिम घरांतही आहे. त्याच अंबाडीत शेजारच्या घरी तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या पडतात. आणि डाळभाजी तर कोणा एकाची नाहीच. लग्नाच्या पंगतीत पत्रावळीवर पडणारी पालकाची डाळभाजी, शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप घातलेली, सहेरीलाही चांगली. तळलेले खाऊन रोजा ठेवला की दुपारी घसा कोरडा पडतो. डाळ, भाजी आणि भाकर पोटात बराच वेळ टिकते.

अडचण खाण्यात नाही, निवडण्यात आहे.

रमजानमधला बाईचा दिवस पाहावा. सहेरीसाठी चारच्या सुमारास उठायचे, सगळ्यांना उठवायचे, गरम पोळी वाढायची आणि स्वतःचा घास साडेपाचच्या आत उरकायचा. फजरची नमाज, मग मुलांची शाळा, घरकाम. अनेक जणींची नोकरी किंवा शिलाई. दुपारी जोहरनंतर पाठ टेकली तर टेकली. असरची नमाज झाली की सव्वासहाच्या इफ्तारकडे घड्याळ धावू लागते. याच वेळात फळे कापायची, भज्यांचे पीठ भिजवायचे, सरबत करायचे आणि रात्रीची भाजी चुलीवर ठेवायची. या तासात चार जुड्या मेथी घेऊन बसणे म्हणजे काय, ते बसणारीलाच कळते. एकेक काडी खुडायची, पिवळे पान बाजूला काढायचे आणि माती जाईपर्यंत तीन पाणी धुवायचे. टोपलीभर पालक शिजून वाटीभर होतो. पानात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते. आठ माणसांच्या घराला किती निवडावी लागेल याचा अंदाज त्यावरून यावा. रोजा तिचाही असतो, तहान तिलाही असते. रमजान हा इबादतचा महिना आहे असे सगळेच सांगतात, पण कुरआन घेऊन बसायला तिला मिळतो तो वेळ नेमका मेथीच्या जुडीत जातो, हे फारसे कोणी सांगत नाही.

वरूडच्या एका मोहल्ल्यात साठीच्या एक खाला आहेत. शेजारच्या हिंदू घरातली नवी सूनही त्यांना खालाच म्हणते. जानेवारीच्या दोन-तीन दुपारी त्यांच्या अंगणात भाजीचा कारखाना असतो. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळते, बाजूला घमेल्यात बर्फाचे पाणी. निवडून धुतलेला पालक मूठ-दोन मूठ उकळत्या पाण्यात सोडायचा, पाण्याला पुन्हा उकळी आली की दोन मिनिटे मोजायची, झाऱ्याने काढून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायचा. गार झाला की तळहातात धरून घट्ट पिळायचा, सुरीने जाडसर चिरायचा आणि एका वेळच्या भाजीपुरता गोळा चपटा करून पिशवीत भरायचा. पिशवीतली हवा दाबून काढायची, वर महिना लिहायचा. शेजारच्या सुनेने पहिल्या वर्षी पिळायचा कंटाळा केला तेव्हा खालांनी तिला सांगितले होते, ‘पालक असाच कोंबला त बर्फाचा गोटा होते वं बाई, भाजी नाही होत.’

प्रत्येक भाजीची रीत निराळी. मेथीला एक-दीड मिनिट पुरते. काही जणी ती चिरून थेंबभर तेलावर परततात, पाणी आटवतात आणि मग गार करून ठेवतात, ती खिम्यात जास्त चांगली लागते. अंबाडी आधीच शिजवून, घोटून ठेवलेली बरी. सांबार आणि पुदिना उकळू नये, वासच जातो. त्यांची हिरव्या मिरचीसोबत चटणी वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवली की सहेरीला एक चौकोन काढून दह्यात घालता येतो. सांबारवडीसाठी मात्र ताजाच सांबार लागतो, तिथे फ्रीजरची मात्रा चालत नाही. पालकाच्या अख्ख्या पानांच्या भज्यांचेही तेच. गोठलेले पान मऊ पडते, पिठात बुडवून तळता येत नाही.

इतके उकळायचे कशाला, धुऊन थेट का ठेवू नये, असा प्रश्न पडतो. पान तोडले तरी त्यातली विकरे काम करत राहतात आणि थंडीने ती मंदावतात, थांबत नाहीत. कच्चा पालक महिना-दोन महिने फ्रीजरमध्ये राहिला की रंग उडतो आणि वाळल्या गवतासारखा वास येतो, तो या विकरांमुळे. दोन मिनिटांची उकळी त्यांना निकामी करते. त्यात ‘क’ जीवनसत्त्व आणि फोलेट काही प्रमाणात पाण्यात जाते, हे खरे. लोह आणि गाजरात असते तसे कॅरोटिन बरेचसे टिकते. आणि बाजारात दोन दिवस उन्हात पडलेल्या जुडीतही ‘क’ जीवनसत्त्व फारसे उरलेले नसते. थंडीने जंतू मरत नाहीत, ते झोपतात, हे मात्र लक्षात ठेवावे. म्हणून तीन पाणी धुणे चुकवू नये.

हा उद्योग जगात नवा नाही. क्लॅरेन्स बर्डसाय नावाचा अमेरिकी माणूस गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कॅनडातल्या लॅब्रॅडॉरला होता. तिथल्या कडाक्याच्या थंडीत इनुइट लोकांनी पकडलेला मासा क्षणात गोठतो आणि महिन्यांनी शिजवला तरी ताजा लागतो, हे त्याने पाहिले. झटपट गोठले तर बर्फाचे कण बारीक राहतात; सावकाश गोठले तर मोठे होतात आणि पेशी फोडतात. त्याने त्यावर यंत्र बनवले आणि मार्च १९३० मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड शहराच्या दुकानांत गोठवलेले पदार्थ विक्रीला आले. त्यात मटार होता आणि पालकही होता. आपल्याकडे मटार आला, पालक मागे राहिला. मटाराच्या शेंगा सोलून पिशव्या भरणारी घरे वरूडमध्ये गल्लोगल्ली आहेत. पालेभाजी ताजीच हवी हा समज मात्र पक्का आहे. आखातात नोकरीला गेलेल्यांना त्याचे नवल वाटत नाही. तिथल्या दुकानात बारीक चिरून गोठवलेल्या मुलुखियाची पाकिटे सर्रास मिळतात. मुलुखिया म्हणजे ज्यूटचा कोवळा पाला, इजिप्तची जीव की प्राण भाजी. अकराव्या शतकाच्या सुमारास फातिमी खलिफा अल-हाकिम याने तिच्यावर बंदी घातली होती असे इतिहास सांगतो. खलिफा गेला, भाजी राहिली.

आता शिजवण्याकडे. सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोळा बाहेर काढून वितळायला ठेवणे. पाणी सुटते, चव पाण्यात जाते आणि राहिलेला चोथा पुन्हा फ्रीजरमध्ये ढकलला जातो. गोळा गोठलेलाच मसाल्यात टाकावा. पालक-गोश्त करताना आधी कांदा, आले-लसूण, मिरची-हळद यांत गोश्त भाजून कुकरला मऊ करून घ्यायचे. झाकण उघडून आच मोठी करायची, मग गोळा टाकायचा आणि झाकण न ठेवता पाणी आटेपर्यंत परतायचे. पान आधीच अर्धे शिजलेले असते, आठ-दहा मिनिटांत तेल सुटते. ताज्या पालकासारखे गोश्ताबरोबर शिट्ट्या देत बसले तर काळपट लगदा होतो. अंबाडीच्या बाबतीत डाळ किंवा गोश्त पूर्ण शिजल्यावरच ती घालावी. आंबटपणात डाळ लवकर मऊ पडत नाही. डाळभाजीला तर गोठवलेला पालक ताज्याहून सोयीचा, कारण तो तसाही घोटायचाच असतो.

मिठाचा अंदाज हा रोजेदार बाईचा जुना प्रश्न. चव न पाहता हात मोजून मीठ घालायचे. धर्मशास्त्राने गरज असेल तर जिभेच्या टोकावर चव पाहून थुंकून टाकण्याची मुभा दिली आहे, घशाखाली काही जाऊ नये एवढीच अट. तरीही बहुतेक जणी ती वापरत नाहीत. त्यांच्यासाठी एक गोष्ट: पिळलेला गोळा लहान दिसला तरी भाजी मोठ्या जुडीची असते आणि शिजल्यावर ती पुन्हा फुलत नाही. मीठ पातेले पाहून घालायचे, जुडी आठवून नव्हे. पालकाला स्वतःची थोडी खारट चव असते हेही धरावे. कमी पडले तर इफ्तारनंतर वरून घालता येते.

फ्रीजरचे इतके गुणगान केल्यावर त्याची मर्यादाही सांगायला हवी. भाजी आठ-दहा महिने टिकायची तर उणे १८ अंश लागतात. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा बहुधा तितका थंड होत नाही. त्यातली भाजी महिन्याभरात संपवावी. रमजानमध्ये त्याच कप्प्यात बर्फ, मटण आणि तळायला तयार समोसे दाटीवाटीने असतात. वीज गेली तर काय, हा प्रश्न उन्हाळ्यात वऱ्हाडात कोणाला सांगावा लागत नाही. गच्च भरलेला चांगला फ्रीजर, दार उघडले नाही तर, दोन दिवस थंडी धरतो. अर्धा भरलेला एक दिवस. छोट्या कप्प्याला हा हिशेब लावू नये. भाजीत बर्फाचे कण शिल्लक असतील तर ती परत गोठवता येते, पण कोमट झाली असेल तर दया दाखवू नये.

इथे ऊन पुन्हा आठवते. हरभऱ्याला महिनाभर झाला की शेंडे खुडतात, त्याने फांद्या फुटतात आणि खुडलेला कोवळा पाला भाजीला येतो. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरचे हे काम. हा पाला धुवायचा नाही, धुतला की त्याच्या अंगावरचा आंबट खार जातो, असे जुन्या बायका सांगतात. तो सावलीत वाळवून डब्यात भरला की वर्षभर राहतो, ना वीज लागते ना पिशवी. तूरडाळीत किंवा बेसनात शिजवून वरून लसणाची फोडणी, सोबत भाकर; सहेरीला यासारखी भाजी नाही. फक्त पाला घाटेअळीच्या फवारणीआधीचा असल्याची खात्री शेतकऱ्याकडून करून घ्यावी, आता ते विचारणे गरजेचे झाले आहे. शेतातून पाला आणणारे शेजारी आणि तो वाळवणारे अंगण कित्येकदा वेगवेगळ्या धर्मांचे असते. डबे मात्र दोन्ही घरी भरतात. मेथीही अशीच वाळवतात. जिला कसुरी मेथी म्हणतात तिचे नाव आता पाकिस्तानात असलेल्या कसूर शहरावरून आले आणि आज ती मोठ्या प्रमाणावर राजस्थानच्या नागौर भागातून येते. फाळणीने शहर तिकडे गेले, नाव इकडच्या डब्यावर राहिले.

तरीही वाळवलेली मेथी ही वासाची, फ्रीजरमधली मेथी ही भाजीची. खिम्यात दोन चिमटी कसुरी घालणे आणि मेथी-खिमा करणे यात फरक आहे. कडक उन्हात वाळवलेल्या पाल्याचे ‘क’ जीवनसत्त्व आणि बरेचसे कॅरोटिन जाते, हेही आहे. ज्यांच्याकडे दोन्ही सोयी आहेत त्यांनी हरभरा उन्हाकडे द्यावा आणि पालक-मेथी फ्रीजरकडे.

यात एक गोष्ट मात्र आपोआप होत नाही. जानेवारीत निवडलेली मेथी मार्चमधला तास वाचवते, पण जानेवारीत ती कोणी तरी निवडतेच. तेही एकाच बाईने केले तर कष्ट फक्त तारीख बदलतात. हजरत पैगंबर मुहम्मद (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हात लावत, असे हजरत आयेशा यांनी सांगितल्याचे हदीसच्या संग्रहांत आहे, रमजानच्या तकरीरींत ते आवर्जून सांगितलेही जाते. खालांच्या अंगणात जानेवारीत शेजारची सून बसते, शाळेतून आलेल्या नाती बसतात. यंदा त्यांचा कॉलेजात जाणारा नातूही बसला होता. पहिल्या दिवशी त्याने मेथीच्या काड्याही पानांत टाकल्या. ‘काड्या बकरीले, पानं आपल्याले,’ खाला त्याला म्हणाल्या आणि सगळी टोपली पुन्हा त्याच्यापुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याने आठ जुड्या नीट निवडल्या.

यंदा होळी रमजानमध्येच येते आणि गुढीपाडवा १९ मार्चला, ईदच्याच आठवड्यात. शेजारच्या घरून पुरणपोळी येईल तेव्हा इकडून काय पाठवायचे, हा खालांकडे ठरलेला प्रश्न आहे. शेजारी मटण खात नाहीत. म्हणून फ्रीजरच्या मागच्या कोपऱ्यात पालकाचे चार गोळे वेगळ्या पिशवीत ठेवले आहेत, वर ‘डाळभाजी’ असे नातीच्या अक्षरात लिहिले आहे. त्या दिवशी असरनंतर खालांना फक्त डाळ लावायची आहे.